मोठ्या बाईची दोन बोटं

माझे साडू आणि माझ्या साडूंचा उजवा हात ही दोन निरनिराळी माणसं आहेत. त्या दोघांत भरवशाचा कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून हाताचं नाव घेतलं असतं. साडू फार बोलतात, हात मोजकं बोलायचा. शिवाय हात तरी पुरता साडूंचा कुठे होता? अंगठा आणि दोन बोटं त्यांची, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एका वाघिणीचं. हे मी म्हणत नाही. चामोर्शीच्या पुढे, जंगलाला पाठ टेकून बसलेल्या त्यांच्या गावात कुणालाही विचारा. मी आपला चंद्रपुरात पंख्याखाली बसून त्यावर हसत असे. आता हसत नाही. का, तेच सांगायला बसलोय. जरा सरकून बसा, आणि दाराकडे पाठ करून बसू नका.

साडू वनखात्यात मजूर आहेत. वणवा पसरू नये म्हणून पट्टे जाळायचे, पाणवठे उपसायचे, आणि वाटेवर वाघाचा पंजा उमटलेला दिसला की त्याचा ठसा घ्यायचा. म्हणजे मातीतल्या पंजाभोवती पत्र्याची कडी लावायची, प्लास्टरची पांढरी भुकटी पाण्यात कालवून आत ओतायची, आणि ती घट्ट होईपर्यंत तिथेच बसून राहायचं, ज्याचा पंजा तो परत येणार नाही या आशेवर. आता झाडाझाडाला कॅमेरे बांधलेत, पण साडूंचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही. "फोटूत निस्ता वाघ दिसते, भाऊ," ते मला म्हणतात, "ठशात त्याचा इरादा दिसते." दुसऱ्यांच्या ओसरीत देवांचे आणि वाडवडलांचे फोटो असतात, साडूंच्या ओसरीत ठशांची रांग आहे. वाघ, बिबट, अस्वल, मग घरची म्हैस, मग बाराव्या दिवशी घेतलेला नातीचा पाय, मग एका व्याह्यांची चप्पल. रांगेत मीही आहे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा अंगणात नुकताच सडा टाकला होता आणि मी शहरी तोऱ्यात बुटांसकट चालत आलो. साडूंनी मला आहे तिथे थांबवलं, प्लास्टर कालवलं, माझ्या दोन्ही पावलांचे ठसे घेतले आणि मग प्यायला पाणी दिलं. ठसे उलटेपालटे करून बघितले आणि माझ्या नव्या बायकोसमोर निकाल दिला, "उजवा पाय सरळ आहे. डावा थोडा खोटं बोलते तुमचा, भाऊ." वीस वर्षं झाली. मला घरी यायला उशीर झाला की बायको अजून आधी माझ्या डाव्या पायाकडे बघते.

त्या भागात एक थोराड वाघीण फिरायची. साडू तिला मोठी बाई म्हणत. जंगलात असताना दुसरं नाव त्यांनी कधी तोंडी घेतलं नाही, आणि आम्ही घेतलं तर ते मान वळवून मागे बघत. चार वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, नाल्याच्या काठावर त्यांना मोठ्या बाईचा ताजा पंजा सापडला. कडी लावून झाली, प्लास्टर कालवून झालं, आणि मागच्या बांबूत काहीतरी हललं. साडू एक पाऊल मागे सरले. मागे काठ नव्हता. खाली दगडावर उजवा कोपर असा आपटला की त्याचा आवाज त्यांना आधी ऐकू आला आणि दुखलं नंतर. तुम्ही-मी ओरडलो असतो. साडू एका हातावर सरपटत वर आले, कारण कालवलेलं प्लास्टर वाया जाऊन राह्यलं होतं. दातात धरून खांद्यावरचा शेला कोपराभोवती गुंडाळला, आणि वाघिणीच्या पंजासाठी कालवलेलं ते सगळं प्लास्टर डाव्या हातानं त्यावर ओतलं. कोपराला गूळ लावलेला मी ऐकला होता, सरकारी प्लास्टर लावणारा माणूस आमच्याच घराण्यात निघाला.

इथपर्यंत हसा. पुढचं साडू आवाज उतरवून सांगतात. प्लास्टर घट्ट होईपर्यंत हलायचं नाही हा त्यांच्या धंद्याचा नियम, म्हणून ते डोळे मिटून पडून राहिले. थोड्या वेळानं कोपराला ऊब लागली. आधी थोडी, मग दमट, मग थांबून थांबून. थांबायची आणि यायची. त्यांनी डोळे उघडले तेव्हा जवळ कुणी नव्हतं. पण पत्र्याच्या कडीच्या बाहेर, पहिल्या पंजाच्या शेजारी, दुसरा पंजा उमटला होता आणि त्यात पाणी अजून झिरपत होतं.

गावी आल्यावर मेहुणीबाईंनी दवाखान्याचा धोशा लावला. साडूंचं म्हणणं, दवाखान्यातले लोक हेच पांढरं लावतात, ते लावून झालं आहे, मग उगाच काऊन जायचं? दीड महिन्यानं मेहुणीबाईंनीच कोयत्यानं ते फोडलं. कोपर जुळला होता, पण रुसल्यासारखा वाकडा. आणि करंगळी व शेजारचं बोट बधिर झालं होतं. बधिर म्हणजे चिमटा काढा, सुई टोचा, खबर नाही. मात्र अधूनमधून, काही कारण नसताना, त्या दोन बोटांत मुंग्या येत. पहिल्यांदा आल्या त्या सकाळी साडू ओसरीवर चहा पीत होते. ते सहज म्हणाले, "बाई आली वाटते." अर्ध्या तासात गावकुसाजवळ गोऱ्हा मारलेला सापडला. दुसऱ्यांदा ते बोलले तेव्हा कुणी हसलं नाही, आणि तिसऱ्यांदा गाव त्यांच्या ओसरीसमोर उभं होतं.

इथे मोहफुलांचं सांगायला हवं. होळीच्या सुमाराला मोह गळायला लागला की बाया झुंजुमुंजू व्हायच्या आधी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तर फुलं हरणं-माकडं खाऊन जातात. तिथे ओणवं होऊन वेचायचं. ओणवी बाई वाघाला माणसासारखी दिसत नाही. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून एखादी परत येत नाही. वनखातं पाट्या लावतं, भोंग्यावरून सांगतं, आणि बाया पाटीला घटकाभर टोपली अडकवून, पदर खोचून पुढे जातात. पण त्या दोन वर्षांत साडूंच्या गावातल्या बाया आधी त्यांच्या दारात थांबायच्या. साडू मुंडाशात, उजवा हात गुडघ्यावर पालथा ठेवून बसलेले. बाया विचारायच्या, "बोटं काय म्हणते, भाऊ?" बोटं गप्प असली की साडू हात उचलून वाट मोकळी करायचे. मुंग्या असल्या की हात आडवा. आडवा हात ओलांडून एकही बाई कधी गेली नाही, आणि त्या दोन मोसमांत गावानं एकही बाई गमावली नाही. माझ्या हिशेबानं हा योगायोग होता. बोटं माझ्या समोर चुकलीही होती. आमच्या घरी जेवताना साडू ताटावरून उठले, बोटांकडे बघत सगळी दारं लावून घ्यायला लावली आणि सगळ्यांना आतल्या खोलीत कोंबलं. पाऊण तासानं खिडकीतून शेजारणीची मांजर आत आली. मी नुसतं बघितलं. साडू म्हणाले, "नातं तं आहे ना."

हात मात्र वाळत चालला होता. ती दोन बोटं आत वळून आकड्यासारखी झाली. वरणभात कालवला की करंगळीच्या बाजूनं ओघळायचा, आणि ओघळतोय हे त्यांना कळायचंच नाही, आम्ही न बघितल्यासारखं करायचो. मग एका दुपारी स्वयंपाकघरात जळका वास आला. मेहुणीबाईंनी चुलीवरचं सगळं उतरून पाहिलं, काही लागलेलं नव्हतं. वास संपेना. शेवटी त्यांचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. साडू चुलीपाशी बसून, गरम तव्याच्या कडेवर करंगळी टेकवून, निवांत गोष्ट सांगत होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मेहुणीबाई त्यांना घेऊन माझ्या दारात हजर झाल्या.

हाताच्या मज्जातंतूंच्या डॉक्टरबाई वयानं लहान आणि स्वभावानं शांत होत्या. त्यांनी साडूंच्या बोटांच्या बेचक्यात कागद धरायला दिला आणि हलकेच ओढला, तो सुळकन निघून आला. अंगठ्याजवळचं मांस खोल गेलं होतं ते दाखवलं. मग कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं टकटक केलं. साडू दाराकडे वळून म्हणाले, "आली." डॉक्टरबाईही दाराकडे बघू लागल्या. मला खुलासा करावा लागला, त्यांनी तो न हसता ऐकून घेतला. मग म्हणाल्या, प्लास्टर घट्ट होताना तापतं, ऊब त्याची होती. साडूंनी मान डोलावली. "तापते ते मले मालूम आहे, बाई. तीस वर्षं झाले. प्लास्टर श्वास घेते का?"

डॉक्टरबाई पुन्हा हाताकडे वळल्या. कुंपणाची तार झाडाला गुंडाळली तर काही वर्षांनी साल तिच्यावर वाढते आणि तार आत रुतते, तसं झालं आहे. वाकडं जुळलेलं हाड, भोवती जखमेचा घट्ट वण, आणि त्या वणात आवळलेला मज्जातंतू. वण कापून तंतू मोकळा करायचा आणि वळणावरून उचलून कोपराच्या पुढच्या अंगाला, मऊ जागी ठेवायचा. हे समजायला साडूंना क्षण लागला नाही, अशा तारा त्यांनी कित्येक सोडवल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, तार मोकळी झाली की मुंग्या बंद होतील का? डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी बंद होतील. मग तंतू जागा व्हायला लागला, सहा महिन्यांनी, वर्षानं, की पुन्हा येतील, आणि ते चांगलं लक्षण समजायचं. पण थांबायला वेळ नाही. अजून काही महिने गेले तर तंतू मोकळा करूनही उपयोग नाही, हात असाच राहील.

होळी पंधरा दिवसांवर होती. साडू म्हणाले, मोह सरला की येतो. डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं, मेहुणीबाईंनी चारदा. साडू टोपी घालून उठले. हात एकट्याचा आहे, मोहावर जाणाऱ्या बाया चाळीस आहेत.

त्यांची समजूत काढायला मी गावी गेलो. भाषणाची तयारी बसमध्येच केली होती, हातवाऱ्यांसकट. ओसरीवर निम्म्या बाया जमल्या होत्या. मी घसा साफ केला, पण माझ्या आधी एक म्हातारी बोलली. गोंड म्हातारी, साऱ्या गावाची आत्या, जन्मभर मोह वेचलेली. तिनं साडूंचा तो वाळका हात उचलून मांडीवर घेतला, म्हैस घ्यायची असावी तसा उलटापालटा करून पाहिला.

"तुह्या बोटाच्या भरवशावर आमी भ्याचं सोडून देलो, बाबू," ती म्हणाली. "पयले आमी भ्यायचो. घोळक्यानं जायचो, डबे वाजवायचो, एक वेचे तं दुसरी उभी राहे. आता कोनी डबा घेत नाई. तू हात उचलला का सुटल्या पोरी, जिची तिची वाट. एक दिवस तुह्ये बोटं झोपले राह्यले तं?"

साडू म्हणाले, "झोपत नाई ते, आत्या."

"तू तं झोपते ना? जा. हात दुरुस्त करून घे. भ्याचं काम आमचं आमी करतो."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. माझं भाषण खिशातच राहिलं. मेहुणीबाईंनी पिशवी आधीच भरून ठेवली होती.

शस्त्रक्रियेच्या वेळी साडू जागे होते, काखेत सुई देऊन नुसता हात बधिर केला होता आणि मध्ये हिरवा पडदा. बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. काम चांगलं झालं होतं. भिंगातून बघत बघत, केसाएवढे पदर सोडवत वण काढला होता. एकच गोष्ट त्यांना सांगायची होती, आणि सांगावी की नाही असं त्यांना वाटत होतं. तंतू जिवंत आहे का हे पाहायला त्यांनी त्याला विजेची बारीक तार टेकवली. पडद्याअलीकडे ती दोन बोटं हलली आणि त्यांनी चादर ओरबाडली. हे अपेक्षितच होतं. पण त्याच क्षणी पडद्यापलीकडून साडू हळूच म्हणाले, "उठली." हातात त्यांना काहीच कळत नव्हतं आणि पडद्यातून दिसत नव्हतं. "सिस्टरच्या चेहऱ्यावरून ओळखलं असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी म्हटलं, असेल. सिस्टरनं तोंडाला मास्क लावला होता हे आम्ही दोघंही बोललो नाही.

त्या मोसमात साडू हात गळ्यात बांधून ओसरीवर बसून राहिले. बाया उन्हं वर आल्यावर घोळक्यानं निघायच्या, आत्या पुढे, तेलाचा रिकामा डबा बडवत. फुलं थोडी कमी मिळाली, बाया गेल्या तेवढ्या परत आल्या. दारात कुणी थांबत नसे. एखादी जाता जाता विचारी, "हात कसा आहे, भाऊ?" साडू म्हणत, बरा आहे. बोटं त्यांना कोणी विचारत नव्हतं आणि बोटंही काही बोलत नव्हती. मुंग्या नाहीत, काहीच नाही. फोनवर ते मला सांगत, घरात कोणी वारल्यावर जसं असते तसं आहे मनगटाच्या खाली.

गेल्या मोहाला मी मुद्दाम दोन दिवस गेलो होतो. उजाडून बराच वेळ झाला होता, बायांचा डबा लांबवर जाऊन थांबला होता. मेहुणीबाईही त्यांच्यातच गेल्या होत्या. मी चहाची बशी तोंडाला लावली आणि बघतो तर समोर साडू हाताकडे डोळे लावून पुतळ्यासारखे बसलेले. कपाळावर घाम.

"मुंग्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, चांगलंच की. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, तंतू जागा होईल.

"हो ना जी. म्हणाल्या होत्या." त्यांनी डोळे वर केले. त्या माणसाला मी वाघाच्या, अस्वलाच्या, वनअधिकाऱ्यांच्या गोष्टी सांगताना बघितलंय, घाबरलेला कधी बघितला नव्हता. "पन हे कोनाच्या होय, भाऊ? तिच्या का माह्या?"

साडूंनी काठी घेतली, मी हातात बशी तशीच घेऊन त्यांच्या मागे निघालो. वाट ओलसर होती, आदल्या दिवशी अवकाळी पडून गेला होता. माकडं गप्प. माझ्या बुटांचा चर्र चर्र आवाज मलाच नकोसा झाला. वाटत होतं, कोणीतरी आमच्याच चालीनं चालतंय, आणि आम्ही थांबलो की थांबतंय.

बाया झाडाखाली होत्या. सगळ्या. साडूंनी ओठ हलवत दोनदा मोजल्या. दोघी उभ्या राहून चारी दिशांना बघत होत्या, बाकीच्या वेचत होत्या, आत्या डब्यावर बसली होती. माझ्या हातातली बशी बघून त्या जे हसल्या ते अजून माझ्या कानात आहे. "भाऊजी, चहा आमच्यासाठी आनला का?" मेहुणीबाईंनी विचारलं. मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्या जवळ आल्या. त्यांनी टोपलीतलं एक मोहफूल उचलून त्यांच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात ठेवलं. बोटं हळूहळू मिटली. फूल पडलं नाही.

"गार आहे," साडू म्हणाले. "ओलं आहे." मग बायांकडे वळून मोठ्यानं, "हो, ओलं आहे." बायांना वाटलं, भाऊ फुलाची तारीफ करतात.

आम्ही दोघं परत फिरलो. पन्नास पावलं गेलो असू. साडू थांबले. वाटेवर माझ्या बुटांचे ठसे होते, आमच्या येतानाचे. उजवा, डावा, उजवा. आणि डाव्या ठशाच्या अर्ध्यावर, माझ्या टाचेला दाबून, एक रुंद पंजा उमटला होता. पुढच्या डाव्या ठशावर दुसरा. मग मोठी बाई वाट सोडून बांबूत शिरली होती.

साडूंनी आधी तोंडाशी हात धरून आत्याला हाळी दिली. पलीकडून डबा वाजला, सगळ्या एकत्र येईपर्यंत वाजत राहिला. मग ते उकिडवे बसले. प्लास्टर नव्हतं, कडी नव्हती. त्यांनी उजव्या हाताची करंगळी, कोपरापाशी मोकळ्या केलेल्या त्या तारेच्या टोकाची करंगळी, पंजाच्या खोलगट भागात ठेवली आणि ठेवूनच दिली. मी मागे बघत होतो, पुढे बघत होतो, बशी गच्च धरून उभा होतो.

"मातीले ऊब आहे, भाऊ," ते म्हणाले.

ती शेवटची. त्यानंतर मोठी बाई कोणाला दिसली नाही, कॅमेऱ्यांतही आली नाही. वय झालं होतं म्हणतात. साडूंचा हात आता सुधारलाय. करंगळी थोडी वाकडी आहे, पण वरणभात ओघळत नाही, आणि तवा लागला तर ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडतात. मेहुणीबाई म्हणतात, एवढं गोड ओरडणं मी दुसरं ऐकलं नाही. बाया अजून घोळक्यानंच जातात. साडू मात्र पहाटे उठतात, मुंडासं बांधतात आणि हात गुडघ्यावर पालथा ठेवून ओसरीवर बसतात, समोर ठशांची रांग. मी फोन केला की विचारतो, बोटं काय म्हणतात? ते सांगतात.

"काही नाई म्हनत, भाऊ. निस्ता हात आहे आता."